कल्याणचे टपाल आणि इंग्रजीची वही

वाचकहो, इंग्रजीच्या निबंधाची वही आपण सर्वांनी पाहिली आहे. शिक्षकमंडळींनी तर ती गठ्ठ्यांनी घरी नेली आहे. साठ मुलांचा वर्ग, साठ वह्या, आणि साठही वह्यांत एकच गाय. तिला चार पाय, दोन शिंगे, एक शेपूट. वही उघडावी, तांबड्या शाईने पाच-सात ठिकाणी खुणा कराव्या, खाली सही-तारीख टाकावी नि वही मिटावी. मुलगा गुण किती पडले तेवढे पाहतो. वही दप्तरात जाते, ती वर्षअखेरीस रद्दीवाल्याच्या तागडीतच बाहेर निघते. त्या वहीला साऱ्या जन्मात वाचक मिळतो एकच, आणि तोही पगारी!

हे मी थट्टेने सांगत नाही. कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या एका माध्यमिक शाळेत मी स्वतः बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. मुले चांगली होती. रानातले कोणते फळ कधी पिकते, कोणत्या ओढ्याला कधी पाणी उतरते, हे तोंडपाठ. पण इंग्रजीचा तास आला की सारा वर्ग मुका. गाईडातला निबंध घोकायचा, परीक्षेत ओकायचा, एवढाच त्यांचा नि इंग्रजीचा संबंध. मला वाटे, दोष व्याकरणाचा आहे. म्हणून मी व्याकरण आणखी घट्ट केले. मुले आणखी मुकी झाली. दोष कुठे आहे याचा उलगडा मला पुढे झाला तो एका जुन्या गोष्टीने, आणि ती गोष्ट दूरची नाही, आमच्या कल्याणचीच निघाली. तीच आज सांगायची आहे.

मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे आपण शाळेत शिकलो. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणला पोचली. गाडीबरोबर टपालाच्या थैल्या आल्या, वर्तमानपत्रे आली. १८६४ साली कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघाले. ठाण्याहून १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ पत्र निघू लागले. म्हणजे खाडीकाठची ही जुनी गावे त्या दहा-बारा वर्षांत छापील अक्षराच्या वाऱ्याला लागली. पण हा वारा घराच्या ओटीपर्यंतच. माजघरात तो कुठला जायला?

अशा काळी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्मली. नाव यमुना. घर एके काळी जमीनजुमल्याचे, पण आता उतरती कळा लागलेले. मुलगी नऊ वर्षांची झाली नि तिचे लग्न लागले. नवरा तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा, बिजवर, आणि कल्याणच्या टपाल कचेरीत कारकून. गोपाळ विनायक जोशी त्याचे नाव. सासरचे नाव पडले आनंदी. होय, याच त्या डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्यांच्या डॉक्टरकीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली, तिने ती घरोघर नेली. मला आज डॉक्टरकीविषयी फारसे बोलायचे नाही. ही कल्याणची मुलगी इंग्रजी कशी शिकली, एवढाच माझा प्रश्न आहे.

गोपाळराव मोठे विक्षिप्त गृहस्थ. लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’चा त्यांच्या मनावर पगडा होता. ही पत्रे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात आली होती. तीही पत्रेच, बरे का! साऱ्या समाजाला उद्देशून लिहिलेली. बायकोला शिकवायचे, आणि इंग्रजी शिकवायचे, हा ध्यास गोपाळरावांनी घेतला. पण शिकवण्याची रीत कशी? ते सांगायला हवे, नाहीतर आपण फार गोड चित्र रंगवू. पुढे अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण करून दिली आहे. लाकडाचा मार, अंगावर फेकलेल्या वस्तू, सोडून जाण्याच्या धमक्या. तेव्हा छडीने विद्या येते असे म्हणणारांनी या उदाहरणाचा आधार घेऊ नये. त्या माराने ती वाचायला शिकली असेल, पण लिहिती झाली ती वेगळ्याच कारणाने.

टपाल खात्यातली नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. कल्याणहून अलिबाग, मग कोल्हापूर, मुंबई, कच्छातले भुज, शेवटी कलकत्त्याकडे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर? हा सल त्यांच्या मनात राहिला आणि डॉक्टर होण्याचा विचार तिथे रुजला. ती खूणगाठ बांधून ठेवू या, कारण ज्याला काही सांगायचे असते त्यालाच भाषा लागते.

कोल्हापूरला अमेरिकन मिशनचे ठाणे होते. ते उभारणारे वाइल्डर नावाचे पाद्री तेव्हा अमेरिकेत परतून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक चालवीत. गोपाळरावांनी त्यांना पत्र धाडले: माझ्या बायकोला अमेरिकेत शिकायचे आहे, मला तिकडे काही काम मिळेल काय? वाइल्डरसाहेबांनी धर्मांतराची अट सुचवली, ती जोशी दांपत्याला मान्य होण्यासारखी नव्हती. गोष्ट तिथे संपायची. पण साहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला! घरची गोष्ट एका कारकुनाने एका माणसाला लिहिली होती. ती वाचली हजारो कोसांवरच्या परक्या माणसांनी. याविषयी मला पुढे पुन्हा बोलायचे आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

आता नियतीचा खेळ पाहा. न्यू जर्सी प्रांतात रोझेल नावाचे गाव आहे. तिथल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत वेळ घालवायला त्यांनी तिथे पडलेले मासिक उचलले. त्यात हा पत्रव्यवहार होता. बाईंच्या मनाला तो लागला. त्यांनी घरी जाऊन पत्र लिहिले, आणि ते लिहिले आनंदीबाईंना. तुम्ही आलात तर माझ्या घरी राहा, असे त्या पत्राने सुचवले.

इथून आनंदीबाईंच्या इंग्रजीला वाचक मिळाला.

विचार करा मंडळी. पत्र मुंबई बंदरातून निघायचे, सुवेझच्या कालव्यातून विलायतेला जायचे, तिथून अटलांटिक ओलांडायचे. जाऊन उत्तर यायला दोन महिने तरी सहज लागत. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, जवळ बोलायला इंग्रजी माणूस असा नाही, चूक झाली तर सांगायला नवरा तेवढा. आणि तिला लिहायचे आहे अशा बाईला, जिने हिंदुस्थान पाहिलेला नाही. गाईला चार पाय असतात हे त्या बाईला लिहून काय उपयोग? अमेरिकेतल्या गाईलाही चारच असतात! तिला सांगायचे ते आपल्याकडचे: धर्म काय म्हणतो, रीतिरिवाज काय आहेत, मुलींची लग्ने लहानपणी का होतात, त्याचे त्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतात. एकेका गोष्टीला शब्द शोधायचा. आपल्याला जे रोजचे म्हणून दिसतच नाही, ते परक्याला समजावताना पहिल्यांदा दिसते. मराठीत विचार केला नि इंग्रजीत उतरवला, एवढ्याने भागत नाही. समोरच्याला कुठे अडेल याचा अंदाज घ्यावा लागतो. भाषा शिकणे म्हणतात ते हेच. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिचे ऋण मी मानतो. पण पाठमालेतली वाक्ये कोणी कोणाला म्हणत नसे. ती नुसती भाषांतरासाठी होती.

कार्पेंटरबाईंचे नि आनंदीबाईंचे नाते पुढे मावशी-भाचीचे झाले. कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. डोके दुखायचे, अंगात कणकण असायची. तेव्हा मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली. गुण आला नाही तो नाही, पण पाहा, व्याकरणाच्या चुका तपासण्यापलीकडे वाचक काय करतो ते!

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या. हे श्रीरामपूर आपले नगरचे नव्हे, बंगालचे. वय अठराला महिना कमी. भाषण इंग्रजीत. मी अमेरिकेला का जाते, इथेच का शिकत नाही, एकटी कशी जाणार, परत आल्यावर वाळीत टाकले तर काय, अशा लोकांच्या एकेका शंकेला त्यांनी उत्तर दिले. हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली, आणि परक्या देशात आपला धर्म सोडणार नाही हेही सांगितले. या भाषणाची वार्ता देशभर गेली, ठिकठिकाणाहून मदत येऊ लागली. हे बळ एका रात्रीत आले नव्हते. दोन-तीन वर्षे याच प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर देत होत्या. सभेत ती तोंडून आली, असा माझा तर्क आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तिथे कार्पेंटर मावशी उभ्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज करायचा होता. तो अर्ज त्यांनी आपल्या शब्दांत लिहिला: मी कोण, कुठली, माझे शिक्षण किती तोकडे आहे, आणि तरी मला का घ्यावे. कॉलेजने घेतले. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषयदेखील आपल्या घरचाच होता, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्या वर्षाअखेर त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूर संस्थानने रुग्णालयात नेमणूक देऊ केली होती. ती राहूनच गेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा मावशींकडे अमेरिकेला धाडण्यात आली, आणि पोकीप्सी या गावी कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी १८८८ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, ते बरेचसे या पत्रांवर उभे आहे. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. कल्याणच्या मुलीची इंग्रजी पत्रे अशी जगाच्या वाचनात आली.

आता कोणी म्हणेल, हे एका असामान्य बाईचे झाले. आमच्या आठवी-ब चे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडे मागे-पुढे पाहू.

मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’. ते ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघाले. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर हाडाचे शिक्षक, वय उणेपुरे वीस. ‘दर्पणा’च्या पानावर दोन स्तंभ असत, एकात मराठी नि शेजारी इंग्रजी. दोन भाषा एकमेकींसमोर बसवलेल्या, आणि दोन्हींत सांगायचे ते आपल्याच लोकांचे. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टनमधल्या विद्यार्थ्यांनी सभा स्थापन केली. तिथे मुले स्वतः निबंध लिहून आणीत, सभेपुढे वाचीत, मग त्यावर चर्चा होई. निबंधाला शिक्षकाखेरीज ऐकणारे होते. त्यातूनच मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, मराठी सभेचे मासिक निघाले, आणि १८४९ पासून याच तरुणांनी मुलींच्या शाळा चालवल्या. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. निबंध वाचता वाचता मुले शाळा काढायला निघाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि साने गुरुजी? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ते १९३० शिक्षक होते, छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दैनिक, ध्यानात घ्या! आम्हाला वर्षाचे एक हस्तलिखित काढताना घाम फुटतो, नि हा गृहस्थ रोज स्वतःच्या हाताने लिहून मुलांच्या पुढे ठेवी. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. आपण पुढे ज्यांना मोठे लेखक म्हणून ओळखतो, त्यांचे पहिले वाचक छात्रालयातली पोरे होती.

त्याच दशकात तिकडे फ्रान्सच्या डोंगराळ मुलखात बार-सुर-लू नावाच्या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने म्हणून एक प्राथमिक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती. वर्गात फार वेळ बोलणे त्याला झेपत नसे. मास्तर बोलू शकत नाही, मग मुलांनीच बोलायला हवे. त्याने मुलांना गावात, शेतात, कारागिरांकडे हिंडायला नेले. परतल्यावर मुलांनी पाहिलेले सांगावे, लिहावे, त्यातले निवडक सर्वांनी मिळून सुधारावे, आणि वर्गातच मांडलेल्या लहानशा छापखान्यावर मुलांनी खिळे जुळवून ते छापावे. छापलेली पाने त्याने ब्रिटनी प्रांतातल्या, समुद्रकाठच्या एका शाळेला धाडली, तिकडची पाने इकडे आली. डोंगरातल्या मुलांना समुद्रावरची माहिती, कोळ्यांच्या मुलांना डोंगरातली. आपल्याच मुलखात कल्पना करा, शहापूरच्या मुलांनी अर्नाळ्याच्या मुलांना लिहिले तर कसे होईल, तसे.

आपल्याकडे मात्र वाद चालत आला तो इंग्रजी कितवीपासून, याचा. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात खेर मंत्रिमंडळाच्या काळात पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढले नि ते आठवीवर नेले. पुढे ते पुन्हा खाली आले, आणि २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले. लवकर की उशिरा यावर किती सभा झाल्या, किती लेख लिहिले गेले! पण मुलाने ते कोणाला लिहायचे, हा प्रश्न त्या सभांतून मी फारसा ऐकला नाही. पहिलीपासून शिका की आठवीपासून, वही शेवटी मास्तरांच्याच टेबलावर यायची असेल तर गाय तीच राहणार.

आनंदीबाईंची पत्रे वाचून मी आमच्या शाळेत जे केले ते आता सांगतो. त्यात एक चूकही आहे, आणि ती माझी आहे.

नववीच्या वर्गाला मी म्हटले, या महिन्याला निबंध नाही. आपण भिंतीवर पान लावायचे. इंग्रजीत. प्रत्येकाने पाच ओळी लिहायच्या, स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर. पहिले पान लागले. मी सवयीने तांबडी शाई घेऊन सगळ्या ओळी रंगवून टाकल्या होत्या. दुसऱ्या महिन्याला कोणी लिहीना! भिंतीवर आपली अब्रू टांगून घ्यायला कोण येईल? मग मी तांबडी शाई बंद केली. अर्थ कळत नसेल तेवढेच विचारायचे, बाकी चुका राहू द्यायच्या, असा नेम केला. तीन-चार पानांनंतर मुलेच पानासमोर उभी राहून एकमेकांची भूतकाळाची रूपे दुरुस्त करू लागली.

हेडमास्तर एकदा पानाजवळ थांबले नि म्हणाले, “अहो सर, पाहुणे येतात शाळेत. एवढ्या चुका भिंतीवर?”

मी म्हटले, “साहेब, मुलांनी लिहिलेय असे त्यावरून तरी त्यांना पटेल.”

ते हसले. पान राहिले.

मग चूक झाली ती अशी. एका मुलाने पावसाळ्यावर पाच ओळी लिहिल्या. त्यात एक ओळ होती, की श्रावणात आमच्या घरी एकदाच जेवण होते. इंग्रजी अगदी शुद्ध. मला इतका आनंद झाला की मी ते पान मधोमध लावले, आणि वर ‘उत्तम’ अशी चिठ्ठी चिकटवली. तो उपासाविषयी लिहीत नव्हता. भात कोठारातले संपते, नवे यायला अवकाश असतो, त्या दिवसांविषयी लिहीत होता. हे मला कळले नाही, पण मुलांना कळले. मधल्या सुट्टीत कोणी काही बोलले असेल. मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी घोंगडी टाकून बसायला दिले, काळा चहा केला. मुलगा मागल्या दाराशी उभा. माझी वाक्ये गोळा होईनात. शेवटी वडीलच म्हणाले, “गुरुजी, पोराने लिहिलंय ते खोटं न्हाई. पन ते तुमास्नी लिवलं होतं.”

वाइल्डरसाहेबांनी गोपाळरावांचे पत्र छापले याला आपण दैवयोग म्हणतो, कारण पुढे चांगले झाले. पण गोपाळरावांना, आणि त्याहून आनंदीबाईंना, छापून येण्याआधी कोणी विचारले होते का? परदेशातल्या मासिकात आपल्या घराची चर्चा, आपण धर्म बदलावा का याची चर्चा, छापून आलेली वाचताना त्या मुलीला काय वाटले असेल? त्या दिवशी मुरबाडच्या रस्त्याने परत येताना हा प्रश्न मला प्रथम पडला. तोवर मी ती गोष्ट वर्गात मोठ्या कौतुकाने सांगत असे.

तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मुलांनी एक अक्षर लिहायचे, असा नेम केला. ‘भ’ म्हणजे भिंतीवर लावा, ‘प’ म्हणजे परगावी पाठवा, ‘व’ म्हणजे वहीतच ठेवा, सर. ‘व’ च्या कागदांना मी कधी हात लावला नाही. आणि गंमत सांगतो, सगळ्यात लांब लिखाण ‘व’ चेच असे. आताच्या शिक्षकांच्या हाती तर एका घटकेत शंभर ठिकाणी पोचणारी साधने आहेत. त्यांनी हे कोपऱ्यातले अक्षर माझ्याहून अधिक जपायला हवे.

परगावी म्हणजे कुठे? सोलापूरकडच्या एका शाळेत माझा जुना मित्र इंग्रजी शिकवीत असे. त्याच्या नववीने आमच्या नववीला लिहायचे, आमच्यांनी त्यांना. आमच्या एका मुलीने लिहिले, की आम्ही उन्हाळ्यात राब भाजतो. इंग्रजीत ‘राब’ शब्द तसाच ठेवला होता. तिकडून उलट टपाली प्रश्न आला: हा राब म्हणजे काय? तुम्ही जमीन जाळता? का?

वर्गात खळबळ. राब म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही! पालापाचोळा, कवळ, शेण, वर मातीचा थर, मग पेटवायचे. त्या भाजलेल्या जागी पाऊस पडला की भाताचे बी फेकायचे. रोपे हातभर झाली की उपटून चिखलात लावायची. हे सारे इंग्रजीत कसे सांगायचे? आणि ‘का’ याचे उत्तर? दोन तास गेले. कोणी म्हणाले तण मरते, कोणी म्हणाले राखेचे खत होते. एकजण घरी जाऊन आजोबांना विचारून आला. सोलापूरच्या मुलांना भाताची लावणी ठाऊक नाही, ज्वारी पेरतात ती थेट शेतात, म्हणून रोप आधी एकीकडे वाढवून दुसरीकडे का लावायचे हेही समजावावे लागणार होते.

उत्तर लिहायला पुढे कोण येतो म्हणून विचारले, तर मागच्या बाकावरून हात वर झाला तो त्या आठवडाभर गैरहजर राहिलेल्या मुलाचा. त्याने दीड पान लिहिले. सोबत राबाचे चित्र काढले, बाणांनी थर दाखवले. शेवटी आपण होऊन प्रश्न टाकला, की तुमच्याकडे पाऊस कमी, मग गुरांना पाणी कुठले?

कागदाच्या कोपऱ्यात ‘प’ होता. मजकुरात मला चार चुका दिसल्या. अर्थ कुठेच अडत नव्हता, म्हणून त्या तशाच ठेवून मी पाकीट बंद केले आणि संध्याकाळी कल्याणला गेलो तेव्हा स्टेशनजवळच्या पेटीत टाकले.